भूतान: त्सेचू आणि तिरंदाजी एकाच फेरीत बघता येईल का?

भटकभवानी
पाच रात्रींचा बेत आहे, पारो आणि थिम्फू. दोन मोठी माणसं आणि आठ वर्षांची मुलगी. त्सेचूचा उत्सव आणि तिथली तिरंदाजी, दोन्ही बघायचं आहे.
१) त्सेचूतच तिरंदाजीचे सामने असतात का?
२) तारीख कशी काढायची? प्रत्येक ठिकाणी वेगळी सापडते.
३) तिरंदाजी राष्ट्रीय खेळ, त्यात म्हणे 145 मीटरवरून नेम धरतात. मग ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवर पदक का नाही?

डोंगरवाट
पहिल्याचं उत्तर: नाही. त्सेचू म्हणजे दशमी. गुरू रिंपोचे, म्हणजे आपल्याला माहीत असलेले पद्मसंभव, यांच्या नावाचा धार्मिक उत्सव. झोंगच्या (किल्लेवजा मठाच्या) चौकात किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत मुखवटे घालून नाच होतात, त्यांना छाम म्हणतात. धनुष्यबाणाचं तिथे काही काम नाही. तिरंदाजीला वेगळं मैदान लागतं आणि तिचा खरा मोसम लोसारचा, म्हणजे नव्या वर्षाचा. तेव्हा गावोगाव सामने लागतात.

तारखेसाठी आपलं पंचांग उघडा, अंदाज येतो. पारो त्सेचू पाच दिवसांचा असतो, त्यांच्या दुसऱ्या महिन्यात, आणि पौर्णिमेला संपतो. ही पौर्णिमा आपल्याकडे कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. 2024 मध्ये शेवटचा दिवस 25 मार्चला, होळी पौर्णिमेला आला. 2023 मध्ये 6 एप्रिलला, हनुमान जयंतीला. थिम्फू त्सेचू तीन दिवसांचा, शरदातला, दशमीपासून. एखाद्या वर्षी तो थेट दसऱ्याला येऊन टेकतो. पण हा फक्त अंदाज. त्यांचे अधिक महिने आणि क्षय-वृद्धी तिथी आपल्याशी जुळतीलच असं नाही, म्हणून त्या वर्षाची जाहीर झालेली यादी पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. जुन्या लेखातली तारीख यंदाची समजणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

पारोला एकच दिवस मिळणार असेल तर शेवटचा धरा. त्या पहाटे, अंधार असतानाच, थोंगड्रेल उलगडतात: इमारतीच्या उंचीचा, कापडाचे तुकडे जोडून केलेला पट, मधोमध गुरू रिंपोचे. उन्हाची तिरीप त्याच्यावर पडायच्या आत तो गुंडाळून ठेवतात. त्यामुळे न्याहारी करून नऊला पोचलात तर नुसती भिंत दिसेल. पहाटे तीन-चारला निघायची तयारी ठेवा. गारठा चांगलाच असतो, मुलीला जाड जाकीट आणि कानटोपी हवी. फक्त झोंगच्या आवारात शिरताना टोपी काढायची. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. चौकातल्या नाचाचे फोटो चालतात, देवळाच्या आत नाही.

मुलीला रक्षा मंगछाम आवडेल. मेलेल्या माणसाचा निवाडा असतो: यमराज मध्ये, पापपुण्याचं वजन होतं, काळा आणि पांढरा असे दोघे वाद घालतात. भाषा कळली नाही तरी चित्रगुप्ताची वही माहीत असलेल्याला सगळं समजतं. हा नाच लांबलचक असतो, मुलं कंटाळतात. तोवर अत्सारा सांभाळून घेतो. लाल मुखवट्याचा विदूषक. नाव मूळ ‘आचार्य’वरून आलंय आणि त्याच्या हातात लाकडी लिंग असतं. प्रश्न येईल, उत्तर आधीच ठरवून ठेवा.

काटकोन
तिरंदाजीबद्दल. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक फळी असते. दोन्ही संघ एका टोकाकडून प्रत्येकी दोन बाण मारतात, सगळे झाले की चालत पलीकडे जातात आणि तिथून उलट दिशेने मारतात. फळी साधारण तीन फूट उंच आणि जेमतेम फूटभर रुंद, वर रंगीत वर्तुळं. मधल्या वर्तुळाला, म्हणजे कारेला, लागला तर 3 गुण, फळीवर कुठेही लागला तर 2, फळीपासून एका बाणाच्या अंतरात रुतला तर 1. डाव 25 गुणांचा. हे ऐकायला झटपट वाटतं, पण 145 मीटरवरून फूटभर रुंदीची फळी क्वचितच सापडते, म्हणून बांबूच्या धनुष्याचा सामना दिवसभर चालतो.

बाण डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा फळीकडे टक लावून बसू नका. फळीजवळच्या माणसांकडे बघा. मारणाऱ्याच्या संघातले गडी तिथेच, फळीच्या अगदी बाजूला उभे असतात. बाण डावीकडे गेला, आखूड पडला की हातवारे करून कळवतात. लागला तर ओळ धरून संथ चालीत गातात आणि दोन-चार पावलं नाचतात. ज्याचा बाण लागला तो घोच्या (पुरुषांच्या पारंपरिक झग्याच्या) कमरपट्ट्यात रंगीत पट्टी खोचतो; संध्याकाळी कुणाच्या कमरेला किती रंग लटकतायत यावरून दिवसाचा हिशेब कळतो. समोरचा संघ मारायला उभा राहिला की ह्यांचा चिडवण्याचा कार्यक्रम सुरू. तो खेळाचाच भाग आहे, भांडण समजू नका.

उभं कुठे राहायचं हे मात्र गंभीरपणे घ्या. बाजूला, कडेच्या बांधापलीकडे, आणि दोन्ही फळ्यांपासून लांब. त्यांचे गडी फळीला खेटून उभे राहतात म्हणून तुम्हीही जाऊ नका. त्यांची नजर मारणाऱ्यावर असते, तुमची मोबाईलवर. कंपाउंड धनुष्याचा बाण दोन-अडीच सेकंदांत पोचतो. मैदान ओलांडायचं नाहीच, खेळ थांबलाय असं वाटलं तरी. मुलीचा हात सोडू नका.

रोखठोक
खर्चाचा हिशेब. भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी 1200 रुपये दर रात्री, 6 ते 12 वयाच्या मुलांना 600, त्याहून लहान असेल तर माफ. तुमचे 3000 × 5 = 15000, हॉटेल-गाडी वेगळी. पासपोर्ट (निदान सहा महिने वैध) किंवा मतदार ओळखपत्र लागतं, मुलीसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. आधार चालत नाही, त्यावरून माणसं फुंत्शोलिंगच्या वेशीवर अडकतात. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

लंबकोन
तिसरा प्रश्न. 145 मीटर आणि 70 मीटर यांची तुलनाच करू नये, हे दोन निराळे खेळ आहेत. खरं तर तीन.

एक बांबूचं धनुष्य: बांबूचे दोन तुकडे मुठीपाशी जोडलेले, दोरी पूर्वी खाजकुयलीसारख्या झाडाच्या धाग्याची. दमट हवेत बांबू ढिला पडतो, बाण आखूड पडायला लागतो, मग नेम वर धरावा लागतो. म्हणजे दुपारचा अंदाज सकाळी चालत नाही. दुसरं कंपाउंड: टोकांना चाकं, पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार कमी होतो, म्हणून नेमाला सवड मिळते. 145 मीटरवर हेच भारी पडतं. तिसरं रिकर्व्ह, ऑलिम्पिकचं: 122 सेंटिमीटर व्यासाचं लक्ष्य, आतलं 10 गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटर. तिथे फळी सापडणं पुरत नाही, प्रत्येक बाण त्याच मुठीएवढ्या जागेत पडावा लागतो, घड्याळ लावून. चिडवणं नाही, नाच नाही, बाणाबाणामधली लांब विश्रांती नाही. मैदानावरची सवय तिथे फारशी कामाला येत नाही, नव्याने शिकावं लागतं.

तिरंदाजी राष्ट्रीय खेळ झाली 1971 मध्ये, देश संयुक्त राष्ट्रांत गेला त्याच वर्षी. 1984 पासून 2008 पर्यंत भूतानने ऑलिम्पिकला फक्त तिरंदाजच पाठवले, 2012 मध्ये नेमबाजी आली. स्वतःच्या कामगिरीवर पात्र ठरलेली पहिली भूतानी खेळाडू म्हणजे तिरंदाज कर्मा, टोकियोसाठी. पहिल्याच फेरीत तिची गाठ आपल्या दीपिका कुमारीशी पडली, 6-0. पण ज्या खेळात बायकांनी धनुष्याला हात लावला तर नेम जातो असं मानायचे, त्या देशातून बाई पात्र ठरली, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं.

डोंगरवाट
कंपाउंडमुळे बांबू संपला असं ऐकतो, ते कितपत खरं?

लंबकोन
संपला नाही, जागा बदलली. मोठी बक्षिसं, प्रायोजक, थिम्फूतला यांगफेल चषक हे कंपाउंडचं. बांबू गावात आणि लोसारला. दुखणं पैशाचं आहे: कंपाउंड आयात करावं लागतं, गावच्या पोराला परवडत नाही, तो फुटबॉलकडे वळतो. ज्यांना धनुष्याचा खर्च नको ते खुरू खेळतात, पिसं लावलेला जड लाकडी बाण हाताने वीसेक मीटरवर फेकायचा. आता 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतोय, पण तोही 145 मीटरवर नसणार.

भटकभवानी
समजलं. मग पाच रात्री कशा बसवू?

काटकोन
पारो त्सेचूचा शेवटचा दिवस शुक्रवारच्या आगेमागे येतोय का बघा. आला तर पहाटे थोंगड्रेल, दुपारी झोप, दुसऱ्या दिवशी थिम्फू, रस्ता तासा-सव्वातासाचा. शनिवार-रविवारी चांगलीमिथांग स्टेडियमलगतच्या तिरंदाजी मैदानावर बहुधा कुणी ना कुणी खेळत असतं. सामना नसला तरी सराव असतो. सकाळपेक्षा दुपार बरी, संघ पुरा जमलेला असतो. आणि आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, उद्या कंपाउंड आहे की बांबू. बांबू म्हणाला तर बाकीचं सगळं रद्द करा.