मूक कोण, पट की नटी?

प्रश्न : एका मथळ्यात 'मूक अभिनेत्री सुलोचना' असं वाचलं आणि खटकलं. 'मूकपटांतली अभिनेत्री' म्हणायला नको का? शिवाय 'मूकाभिनय' म्हणजे मूकपटातला अभिनयच का?

उत्तर : खटकलं ते रास्तच आहे. 'मूकपट' हा कर्मधारय समास, म्हणजे मुका तो पट. ते विशेषण उचलून बाईला लावलं की तिला बोलता येत नव्हतं असा अर्थ होतो. सुलोचनाबाईंच्या बाबतीत तर हे फारच अन्यायाचं आहे. रूबी मायर्स हे त्यांचं खरं नाव, पुण्यातल्या बगदादी ज्यू घरात जन्म, आणि सिनेमात येण्याआधीची नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. म्हणजे पोट आवाजावरच चालत होतं! कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी त्यांना पडद्यावर आणलं. १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त त्यांनी एकटीनं आठ सोंगं वठवली. त्यांत माळी होता, पोलीस होता, रस्त्यावरचं पोर होतं, सोनेरी केसांची गोरी बाईही होती.

'मूकाभिनय' वेगळा. त्यात न बोलणं हीच कला असते. मूकपटातले नट ओठ हलवत, बोलतही. ऐकू येत नसे इतकंच. मजकूर मधूनमधून पाट्यांवर यायचा. त्यामुळे नटीची बोली कुठली, तिला हिंदुस्तानी येतं की नाही, याची प्रेक्षकाला पंचाईत नव्हती.

ती पंचाईत १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला तेव्हा उभी राहिली. हा भारतातला पहिला बोलपट काढला इंपीरियल फिल्म कंपनीनं. सुलोचनाबाई त्याच कंपनीच्या सर्वांत मोठ्या तारका, पण नायिका झाल्या जुबेदा. सुलोचनाबाई खचल्या नाहीत. हिंदुस्तानी शिकल्या आणि १९३२ साली स्वतःच्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलत्या आवृत्तीतून परतल्या. ही जिद्द मला त्यांच्या सगळ्या वैभवापेक्षा मोठी वाटते. १९७३चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

पुन्हा प्रश्न : मग 'मूकपटांतली नटी' म्हटलं तर?

उत्तर : व्याकरणानं चोख. संगीत नाटकातल्या सूत्रधार-नटीमुळे हा शब्द आपल्या कानाला जुनाच आहे. १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मधल्या दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले यांना 'पहिल्या नटी' म्हणण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही. त्याच वर्षीच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती, हे लक्षात घेतलं तर 'नटी'तल्या त्या ईकाराचं मोल कळतं. आज मात्र 'नटी' काहीसं हलक्या सुरात वापरतात, म्हणून लेखात 'अभिनेत्री' बरं.

एक सूचना. नुसतं 'अभिनेत्री सुलोचना' लिहिलंत तर मराठी वाचकाला सुलोचना लाटकरच आठवतील. तेव्हा 'मूकपटांतल्या सुलोचना (रूबी मायर्स)' असं पहिल्या उल्लेखातच लिहा.