मदत हवी आहे: काउंटीकडे आलेला ओपिऑइड सेटलमेंटचा पैसा आधी कुठे लावावा?

नमस्कार मंडळी,

मी नॉर्थ कॅरोलिनात फार्मासिस्ट आहे. ओपिऑइड सेटलमेंटचा पैसा कसा खर्चावा यासाठी आमच्या काउंटीने सल्लागार समिती नेमली, त्यात मलाही घेतलंय. पुढच्या बैठकीत आराखडा ठरणार आहे. सार्वजनिक आरोग्य, जेल किंवा काउंटीचं बजेट यात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: ओपिऑइड म्हणजे अफूसारखी, व्यसन लावणारी वेदनाशामकं. त्या व्यसनाची साथ पसरायला हातभार लावल्याच्या दाव्यांवरून मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन हे तीन औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरची तडजोड झाली. वितरकांचे हप्ते १८ वर्षं येणार, जॉन्सनचे फार तर ९. आमच्या राज्यात यातले ८५ टक्के काउंट्या आणि शहरांकडे जातात. तो खर्चायला दोन वाटा आहेत: 'अ' पर्यायातल्या बारा उपायांपैकी काही निवडायचे, किंवा मोठ्या यादीचा 'ब' पर्याय घ्यायचा. मात्र त्यासाठी आधी लोकांना सोबत घेऊन रीतसर नियोजन करावं लागतं.

समितीतली माणसं मनापासून काम करणारी आहेत, पण ओढा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडे आहे: शाळेत एकदा येऊन भाषण देणारे वक्ते, रस्त्यावरचे फलक, एखादी नवी गाडी. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा काउंटी जेलमधल्या व्यसनाच्या उपचारांना द्यावा. आत असताना नशा सहन करण्याची शरीराची ताकद उतरते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच अंदाजाने घेतो, आणि बाहेर आता हेरॉइनहून कितीतरी तीव्र असं फेंटानिल आहे. आमच्याच राज्यातल्या एका अभ्यासात तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओपिऑइडच्या ओव्हरडोसने मरण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या ४० पट निघालं.

अशी माणसं माझ्या काउंटरवर येतात. हातात सामानाची प्लॅस्टिकची पिशवी, फोन बंद, आणि नेमकी शुक्रवारची संध्याकाळ. ओढ शमवणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची छोटी पट्टी जिभेखाली ठेवायची असते, बस. पण प्रिस्क्रिप्शन नसतं आणि जेलमध्ये असताना थांबलेलं मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) पुन्हा सुरू झालेलं नसतं. हे औषध लिहायला डॉक्टरांना लागणारी वेगळी परवानगी २०२३ पासून रद्द झाली, तरी लिहून देणारं कुणी सापडेपर्यंत सोमवार उजाडतो. तोवर तो माणूस काय करेल, हे मला माहीत असतं.

तर, जेलमध्ये हे उपचार सुरू करायला शेरीफला (जेल चालवणारा काउंटीचा पोलीसप्रमुख) कसं तयार केलंत? औषध आतल्या आत विकलं जाईल ही त्यांची भीती आहे. याच औषधाच्या, महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनचा अनुभव कुणाला आहे का? आणि हप्ते पुढे लहान होत जाणार असताना पगारी माणसं नेमावीत का?

घाई एवढ्याचसाठी की तंबाखूच्या वेळी काय झालं ते आपण पाहिलंय. तंबाखू कंपन्यांशी झालेल्या १९९८ च्या करारात ४६ राज्यांना पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळायचे होते, आणि त्यातला बहुतेक पैसा बजेटमधले खड्डे बुजवण्यात गेला.

प्रतिसाद १

ताई, मी याच राज्यात दुसऱ्या काउंटीच्या वित्त विभागात आहे. आधी एक करा: प्रत्येक प्रस्तावापुढे "याचे पैसे दुसरं कुणी देतं का?" हा रकाना टाका. १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडे मेडिकेडचा विस्तार झालाय, त्यामुळे बाहेरचे बरेचसे उपचार तिथून भागतात. जेलच्या आत मात्र मेडिकेड सहसा पैसे देत नाही. तुमचा मुद्दा इथेच भक्कम होतो. सुटकेच्या दिवशी क्लिनिकपर्यंत नेणारी गाडी आणि व्यसनातून बाहेर आलेला सोबती यांच्यावर खर्च करा.

शेरीफना अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाचं एप्रिल २०२२ चं मार्गदर्शन दाखवा. आधीपासून सुरू असलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध जेलने सरसकट बंद करणं हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग ठरतो, असं त्यात आहे. आमच्याकडे भूतदयेच्या भाषणापेक्षा काउंटीच्या वकिलांचा एक फोन जास्त उपयोगी पडला.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीचे मोठे हप्ते आले तसे संपवू नका. काही भाग राखून पुढच्या लहान वर्षांना जोडा, म्हणजे नेमलेल्या माणसाला मध्येच काढावं लागणार नाही. ठरावात उपाय, रक्कम आणि मुदत स्पष्ट लिहा. मोघम ठरावावर पैसा हलत नाही.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. मेडिकेडचा रकाना आजच टाकते आणि उद्या काउंटीच्या वकिलांना फोन करते. इंजेक्शनचं अजून अडलंय: एका डोसची किंमत पट्ट्यांच्या कितीतरी पट आहे. कुणाच्या जेलमध्ये ते फक्त सुटकेच्या आधी देत असतील, तर सुटकेची तारीखच ठरलेली नसते तेव्हा वेळ कशी साधतात, ते प्लीज सांगा.