फट लांबीने (पुट्टीने) बुजवू नका

आपण लिहिले आहे की, जुन्या मारुती 800 ला बाजारातला डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) बसवल्यावर दाराशी वर 3 आणि खाली 8 मिलिमीटर फट राहिली, आणि डेंटरने ती लांबी भरून लपवण्याचा सल्ला दिला. तो सल्ला कृपया मानू नये. जाड लांबी दार आपटण्याच्या हादऱ्यांनी तडकते आणि त्या भेगेतून पाणी थेट पत्र्यापर्यंत पोहोचते.

माझ्या गाडीच्या फेंडरची हीच कथा होती. आधी दार बिजागरीवर लोंबकळलेले नाही ना, हे तपासावे. माझे लोंबकळले होते, आणि मी दोन दिवस बिचाऱ्या फेंडरलाच दोष देत बसलो होतो. त्यानंतर फेंडर रंगवण्यापूर्वीच सर्व बोल्ट सैल ठेवून बसवावा, बोल्टची भोके गोल कानशीने लांबट करावीत आणि जिथे पत्रा आत बसतो तिथे बोल्टखाली वायसर घालावेत. एवढे करूनही खालचे टोक जुळले नाही, तर फेंडरच्या कडेवर वेल्डिंगची बारीक रेघ टाकून ती घासून घ्यावी, मात्र पातळ पत्रा वाकडा होऊ नये म्हणून एका वेळी जेमतेम सेंटिमीटरभरच टाका घालून तो निवू द्यावा.

नव्या भागावरचा काळा थर अनेकदा केवळ वाहतुकीपुरता असतो. थिनरच्या बोळ्याने तो निघून आला, तर पत्रा उघडा करून त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा गंजरोधक थर) मारावा, आणि कापलेल्या भोकांच्या कडाही त्यात विसरू नयेत.