मदत हवी आहे: 'झेल्डा'चं परीक्षण लिहितोय, एका जागी अडकलोय

मंडळी, 'द लेजंड ऑफ झेल्डा' (१९८६) हा व्हिडिओ गेम नुकताच पहिल्यांदा पूर्ण केला आणि आता त्यावर मराठीत लिहायला बसलोय. मियामोतो-तेझुका या डिझायनर जोडीचा हा गेम जपानात डिस्कवर आला, अमेरिकेत १९८७ मध्ये सोनेरी कार्ट्रिजमध्ये (म्हणजे गेमची कॅसेट). आत बॅटरी, म्हणून खेळ सेव्ह व्हायचा. इथपर्यंत लिहून झालंय.

अडलंय ते आठव्या भुयारापाशी. त्याचं तोंड एका झुडपाखाली आहे आणि ते झुडूप मेणबत्तीने जाळावं लागतं. निळी मेणबत्ती एका स्क्रीनवर एकदाच पेटते. चुकलं की शेजारच्या स्क्रीनवर जा, परत या, पुन्हा जाळा. भुयारांबाहेरचं, जमिनीवरचं जग १२८ स्क्रीनचं! मी दोन संध्याकाळी नुसती झाडं जाळत फिरलो. शेवटी हार मानून नेटवर बघितलं (हसू नका).

आता याला दोष म्हणू का? तेव्हा खोक्यात छापील नकाशा मिळायचा, मुलं शाळेत एकमेकांना जागा सांगायची. मी एकटाच, नकाशाविना खेळलो. मग माझी चिडचिड गेमच्या नावावर मांडणं बरोबर आहे का?

ज्यांनी तो त्या काळात, कार्ट्रिजवर खेळलाय त्यांनी सांगा: ते झुडूप तुम्हाला कसं सापडलं? आणि 'डन्जन'ला मी भुयार म्हणतोय, ते खटकतं का? तळघर लिहिलं की मला धान्याची पोतीच दिसतात.