पाठीच्या बाकाचं ऑपरेशन करताना बरगड्याही कापाव्या लागतात का?

सुलभा_इचलकरंजी

नमस्कार. मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत. मी घरी शिवणकाम करते. दिवाळीचा ड्रेस बेतताना तिच्या पाठीचं माप घेतलं, तर उजवी बाजू डावीपेक्षा जास्त भरली. टेप पुन्हा लावली, तरी तेच. मग तिला ओणवी उभी केली, तेव्हा उजवीकडच्या बरगड्या खांद्याच्या पात्याखाली उचलून आलेल्या स्पष्ट दिसल्या. त्याआधी आम्हाला वाटायचं, दप्तराच्या ओझ्याने पोक काढून चालते.

एक्स-रेत उजवीकडे ५४ अंशांचा बाक निघाला. एमआरआय नॉर्मल आहे. पाळी येऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे आता पट्ट्याचा उपयोग नाही, ऑपरेशनच, असं दोन्ही सर्जन म्हणाले. पहिले म्हणाले, स्क्रू आणि रॉड घालून कणा सरळ करू. दुसरे म्हणाले, ते करूच, पण उंचवटा जायला हवा असेल तर त्याच वेळी चार-पाच बरगड्यांचे तुकडे काढावे लागतील.

आता मी याच एका गोष्टीवर अडून बसले आहे. कणा सरळ झाला की बरगड्या आपोआप खाली बसत नाहीत का? कापलेली बरगडी परत भरून येते का? श्वासाचं काय? लेकीला मात्र त्या उंचवट्याचंच दुःख आहे. ओढणी घेतल्याशिवाय ती दारातसुद्धा जात नाही.

रेवा_नाशिक

सुलभाताई, माझं ऑपरेशन कॉलेजात असताना झालं, बरगड्या कापून. पाठ सपाट झाली आणि मला तेच हवं होतं, त्यामुळे पस्तावा अजिबात नाही. पण कण्यापेक्षा बरगड्यांनीच जास्त छळलं. छातीत नळी होती, खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायचे. कुशीवर वळायला बरेच आठवडे गेले. लेकीला हे आधी सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

वसुधा_फिजिओ

सुलभाताई, मी पुण्यात मणक्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात श्वासाची फिजिओथेरपी करते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मुलींना बसवायचं, खोल श्वास घ्यायला लावायचा, हे माझं रोजचं काम. सर्जन मी नाही, पण या बरगड्या रोज हाताखालून जातात.

आधी उंचवटा येतो कुठून ते बघा. बरगडी बहुतेक वेळा बिघडलेली नसतेच. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्याने जोडलेली असते. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे पाठीच्या या बाकात, कणा नुसता बाजूला वाकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतातही. उजवा बाक असेल तर मणक्याचा पुढचा भाग उजवीकडे वळतो आणि त्याबरोबर उजव्या बरगड्या मागे ढकलल्या जातात, डाव्या पुढे येतात. ओल्या मातीच्या मडक्याला पीळ दिला तर एक कुस फुगते, एक दबते, तसं. म्हणून लेकीच्या छातीची डावी बाजू पुढून जास्त भरलेली वाटत असेल. मुली हे आईलाही सांगत नाहीत, हळूच विचारून बघा.

एक्स-रेतला ५४ हा आकडा बाजूच्या वाकण्याचा आहे, पिळाचा नाही. दोन मुलींचा आकडा सारखा असून एकीची पाठ जवळजवळ सपाट आणि दुसरीचा उंचवटा ठळक, असं मी कितीदा पाहिलंय. पीळ कळतो ओणवं केल्यावर. पाठीवर आडवं ठेवायचं लेव्हलसारखं एक छोटं साधन असतं, स्कोलिओमीटर. ते किती अंश दाखवतं हे तुमच्या कागदावर लिहिलंय का? नसेल तर लिहून मागा. बरगड्यांचा निर्णय या आकड्यावर जास्त अवलंबून आहे.

आता ऑपरेशन. १९६० च्या दशकात हॅरिंग्टन रॉड आला, त्याने कणा दोन टोकांना ताणून सरळ व्हायचा, पण पीळ तसाच राहायचा. उंचवटा जायचा नाही, म्हणून बरगड्या कापायची पद्धत बरीच चालली. आता प्रत्येक मणक्यात दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात आणि ते स्क्रू धरून मणके उलटे फिरवता येतात. मणका फिरला की बरगडीही त्याच्यामागे खाली येते. पूर्ण सपाट होतेच असं नाही. थोडा उंचवटा उरतो, आणि पहिल्या काही वर्षांत त्यातला काही भाग परतही येऊ शकतो. पण बहुतेक मुलींना कपड्यातून दिसणार नाही इतका तो कमी होतो.

बरगडी कापतात ती मागच्या बाजूला, उंचवट्याच्या माथ्याजवळ. वरचं अस्तर राखून आतला तुकडा काढतात. त्या अस्तरातून काही महिन्यांत नवं हाड धरतं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. काढलेला तुकडा मणके जोडायला वापरतात, तोही फायदा. पण अस्तराच्या लगेच आत फुफ्फुसाचं आवरण असतं. ते फाटलं तर हवा किंवा पाणी साठतं आणि रेवाने सांगितलेली नळी येते. शिवाय दर श्वासाला हलणारं ते हाड आहे, त्याला प्लास्टर घालता येत नाही. दुखतं म्हणून मुली वरवर श्वास घेतात, खालची फुफ्फुसं उघडत नाहीत, कफ साठतो. मग मी श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र घेऊन जाते. निम्मी मुलं त्यात फुंकर मारतात आणि नातेवाईक शाबासकी देतात! ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, सावकाश, आणि गोळ्या वर धरून ठेवायच्या असतात. लेकीला हे ऑपरेशनच्या आधीच शिकवून ठेवा. नंतर दुखत असताना नवीन काही जमत नाही.

बरगड्या कापल्यावर श्वासाची ताकद आधी खाली येते आणि भरून यायला बराच काळ लागतो, कधी दोनेक वर्षं. ज्या मुलीची फुफ्फुसं आधीच जेमतेम आहेत तिच्या बरगड्यांना हात लावायला सर्जन कचरतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पीएफटीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. आणि दुसऱ्या सर्जनना हे विचारा: "आधी मणके फिरवून बघाल आणि मग उंचवटा किती उरतो त्यावर ठरवाल का, की आधीपासूनच कापायचं ठरलंय?" माझ्या मते पहिलं उत्तर देणाऱ्याकडे जावं.

आणखी एक. लेकीच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे सपाट डाग आहेत का? सहा किंवा जास्त, प्रत्येक दीड सेंटीमीटरपेक्षा मोठा? न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या आजारात ते असतात, आणि त्यातल्या बाकात कधी कधी बरगडीचं टोक सरकून मज्जारज्जूच्या पोकळीत घुसलेलं असतं. अशा वेळी ते न बघता कणा ओढून सरळ केला तर पायांची ताकद जाऊ शकते. तुमचा एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे ही भीती नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मुलाला डाग असतील तर त्यांनी सर्जनला आवर्जून दाखवावेत.

ओमचे_बाबा

विषय थोडा वेगळा, पण बरगडीचाच. आमच्या मुलाचा बाक पहिल्या वाढदिवसाआधीच दिसला होता. डॉक्टरांनी एक्स-रेवर सर्वांत फिरलेल्या मणक्यापाशी दोन्ही बाजूंच्या बरगड्यांचे कोन मोजले. फरक २० अंशांच्या वर होता, म्हणाले हा आपोआप जाणारा नाही, वाढणारा आहे. ही मोजणी इंग्लंडमधल्या डॉ. मिन मेहतांनी १९७२ साली मांडली. त्यांनीच पुढे लहान बाळांना धडाचं प्लास्टर दर काही महिन्यांनी बदलत घालायची पद्धत रुजवली. आम्ही तेच केलं. तान्ह्या बाळांचे आईवडील इथे असतील तर "मोठा झाला की बघू" यावर थांबू नका. त्यांच्या २००५ च्या अहवालात १३६ मुलं होती. ज्यांचं प्लास्टर सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सुरू झालं त्यांचे बाक गेले. ज्यांना सरासरी अडीच वर्षं उलटली होती त्यांचे फक्त कमी झाले.

वसुधा_फिजिओ

ओमच्या बाबांनी फार चांगलं लिहिलं. दहाव्या वर्षी छातीची पोकळी मोठ्या माणसाच्या निम्मी असते. त्याआधीच छातीचा कणा जखडून टाकला तर फुफ्फुसांना वाढायला जागाच उरत नाही. म्हणून लहान मुलांत आधी प्लास्टर, मग लांबवता येणारे रॉड, असं करत वेळ काढतात. सुलभाताईंची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, तिला ही काळजी नाही.

सुलभा_इचलकरंजी

सगळ्यांचे खूप आभार. डाग नाहीत. छातीचं तुम्ही म्हणालात तसंच आहे, विचारलं तर रडली, पण नंतर पहिल्यांदाच मोकळं बोलली. स्कोलिओमीटर १७ अंश लिहिलंय. पीएफटी काल झाली, एफव्हीसी (खोल श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा) ७८ टक्के आली. टेक्निशियन म्हणाला ठीक आहे, काळजी नको. मग बरगड्या कापायला हरकत नाही ना?

वसुधा_फिजिओ

ताई, रिपोर्टवर उंची किती लिहिलीय ते बघा. टक्केवारी काढताना त्या उंचीच्या मुलीला किती हवा यायला हवी हे धरतात. पण कणा वाकलेला असेल तर उंची खोटी असते, अपेक्षा कमी धरली जाते आणि टक्के फुगतात. अशा मुलांत दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि ते उंचीच्या जागी घालायचं. भिंतीला पाठ लावून उभी करा आणि मोजा.

सुलभा_इचलकरंजी

रिपोर्टवर उंची १४८. हात पसरून १५५ भरले, नवऱ्याकडूनही मोजून घेतलं.

वसुधा_फिजिओ

मग ७८ चा आकडा ७० च्या आसपास उतरेल. उद्याच त्या लॅबला फोन करा, नव्या मापाने रिपोर्ट काढून द्या म्हणा, तपासणी पुन्हा करायची गरज नाही. तो कागद दोन्ही सर्जनना दाखवा. घाबरू नका, ५४ अंशांचं ऑपरेशन या आकड्यावर व्यवस्थित होतं. पण १७ अंशांचा पीळ स्क्रूंनी कमी होण्याजोगा आहे आणि फुफ्फुसात फार उरलेलं नाही, तेव्हा माझी लेक असती तर मी पहिल्या ऑपरेशनला बरगड्यांना हात लावू दिला नसता. उंचवटा उरला आणि तिला खुपलाच, तर बरगड्यांचं नंतर वेगळं करता येतं. हे तिच्यासमोर बसून बोला, निर्णयात तिलाही घ्या.