टीमने एकच पद्धत पाळायची की ज्याने त्याने आपलं डोकं चालवायचं?

फिजिओवाली: मेंदूला इजा झालेल्या माणसाभोवती नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट असा गोतावळा असतो. सगळ्यांनी एकाच पद्धतीने शिकवावं, यात मला तडजोड मान्य नाही. एका पेशंटला मी व्हीलचेअरवरून उठायचा क्रम शिकवत होते: ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला, पुढे सरका, मग उठा. रात्री वॉर्डमधला मदतनीस काखेत हात घालून थेट उभं करायचा. स्मरणशक्ती गेलेल्याला आपण चुकलो हे आठवत नाही, पण हातापायांना चुकीचीच सवय लागते. तीन आठवडे पाण्यात!

त्याचा_भाऊ: क्रम एक असावा, कबूल. पण 'समान निकष' म्हटलं की शेवटी आकडेच येतात. तुमची ती एफआयएम मोजपट्टी घ्या, पेशंट रोजची कामं कितपत स्वतः करतो याला गुण देणारी. १८ बाबी, त्यातल्या १३ शारीरिक, आकलनाच्या फक्त ५. माझा भाऊ चालतो, जेवतो, अंघोळ करतो, म्हणजे गुण भरघोस. घरी मात्र कुणी उठवल्याशिवाय दुपारपर्यंत अंथरुणात. टीम खूश, आम्ही हैराण.

रात्रपाळी: आकड्यांना एवढं झोडू नका हो. १९७४ साली पेशंट किती शुद्धीवर आहे हे गुणांत सांगणारी ग्लासगो कोमा स्केल आली, त्याआधी 'गुंगीत आहे' म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळं. आज 'तेराचा दहा झाला' म्हटलं की डॉक्टर धावत येतात. (नुसती बेरीज मात्र सांगू नये, डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं सांगावं.)

फिजिओवाली: @त्याचा_भाऊ, मग मोजपट्टी बदला! पेशंटचं स्वतःचं ध्येय घेऊन उणे २ ते अधिक २ असं मोजायची पद्धत १९६८ पासून आहे.

त्याचा_भाऊ: ध्येय लिहितं कोण? त्याला पुन्हा गाडी चालवायची होती. बैठकीत ते 'अवास्तव' म्हणून खोडलं आणि 'स्वतः चहा करणे' लिहिलं. सगळ्यांचं एकमत होतं. तो बाहेर बाकावर बसला होता.

रात्रपाळी: आपल्यात काही कमी आहे हेच पुष्कळांना जाणवत नाही, मेंदूच्या इजेत हे नेहमीचं. त्याला आत बोलावून काय झालं असतं?

त्याचा_भाऊ: 'नाही' निदान त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. चहा तो अजूनही करत नाही. त्याला चहा आवडतच नाही.