मदत हवी आहे: अभिक्रिया निकेलमुळेच घडते आहे याची खात्री कशी करावी?

नमस्कार. सुझुकी-मियौरा अभिक्रियेत (दोन कार्बनी वलये एकमेकांना जोडणाऱ्या अभिक्रियेत) पॅलॅडियमऐवजी कार्बनवर बसवलेले निकेल उत्प्रेरक म्हणून वापरता येईल का, यावर मी संशोधन करते. अरिल ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल यांपासून अपेक्षित बायअरिल (जोडलेल्या दोन वलयांचे संयुग) चांगल्या प्रमाणात मिळते आहे. परंतु त्याचे श्रेय खरोखर निकेलचे आहे का, ही शंका शोधनिबंध पाठवण्यापूर्वी मला पूर्णपणे फेडून घ्यायची आहे.

या क्षेत्राचा इतिहास पाहता ही शंका अनाठायी नाही. संक्रमण धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया घडते, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच संशोधक गटाने २००५ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा विकतच्या सोडियम कार्बोनेटमधील अवघे ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलॅडियम ते काम करत असल्याचे दिसून आले. लोहाच्या नावावर जमा झालेल्या काही अभिक्रिया प्रत्यक्षात तांब्याच्या अंशामुळे घडत असाव्यात, हे रसायनशास्त्रज्ञ बुकवाल्ड आणि बोल्म यांनी २००९ मध्ये दाखवले. आपली चूक स्वतःच शोधून जाहीर करणाऱ्या त्या पहिल्या गटाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

निकेल वगळून केलेल्या ब्लँक प्रयोगात, नवी काचपात्रे आणि नवी चुंबकीय ढवळणी वापरली असता, उत्पादन मिळत नाही. मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण पॅलॅडियम निकेलच्या लवणाबरोबरच येत असेल, तर निकेल वगळताच तेही वगळले जाते. हे दोन्ही धातू आवर्तसारणीच्या एकाच गटातले असून रशियातील नोरिल्स्कसारख्या ठिकाणी एकाच खनिजातून निघतात. शिवाय बोरॉनिक आम्ल पॅलॅडियम वापरून बनवलेले असेल, तर तिथूनही अंश येऊ शकतो.

आयसीपी-एमएसने (आयनांच्या वस्तुमानावरून धातूंचे अतिसूक्ष्म अंश मोजणाऱ्या तंत्राने) पॅलॅडियम मोजायचे आहे. पण नमुन्यात निकेल प्रचंड प्रमाणात असल्याने निकेल-आर्गॉन आयन पॅलॅडियमच्या १०४ वस्तुमानाशी, तर तांब्याचा अंश असल्यास तांबे-आर्गॉन आयन १०५ वस्तुमानाशी गल्लत करतात. अशा नमुन्यातून निकेल आधी वेगळे काढावे, की टक्कर-कक्ष (असे मिश्र आयन वायूच्या साहाय्याने अडवणारा उपकरणाचा भाग) वापरून थेट मोजणे पुरेसे ठरते? पाऱ्याच्या चाचणीवर (पारा घातल्यावर अभिक्रिया थांबली तर धातूचे कणच उत्प्रेरक मानणाऱ्या चाचणीवर) माझा फारसा विश्वास नाही, कारण पारा पॅलॅडियमच्या विरघळलेल्या संयुगांशीही अभिक्रिया करू शकतो.

माझ्या मते निर्णायक प्रयोग असा असावा: उत्प्रेरकात जेवढे पॅलॅडियम आढळेल तेवढेच निकेलविरहित मिश्रणात मुद्दाम घालायचे आणि अभिक्रियेचा वेग तपासायचा. मात्र त्या पॅलॅडियमचे स्वरूप निकेलच्या सान्निध्यात वेगळे असू शकेल, या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे? अतिशुद्ध निकेल लवणापासून उत्प्रेरक पुन्हा बनवून दोन्हींच्या वेगांची तुलना केल्यास परीक्षकांचे समाधान होईल का?

ज्यांनी अशी तपासणी स्वतः केली आहे, त्यांनी नमुना कसा विरघळवला आणि पुणे-मुंबई परिसरात पीपीबी पातळीवरचे मोजमाप कुठे करून घेतले, हे कृपया सविस्तर लिहावे.